घरातला व्हॉल्व्हचा रेडिओ पुन्हा बोलता करताना

माळ्यावरून जुना रेडिओ खाली उतरला की घरातलं कुणीतरी म्हणतंच, "लावून तरी बघ की, चालतोय काय." तेवढं मात्र करू नका. कित्येक वर्षं बंद पडून असलेल्या सेटला थेट २३० व्होल्ट दिले, की आतला एखादा वाळलेला कंडेन्सर शॉर्ट होतो आणि जाताना ट्रान्सफॉर्मर किंवा रेक्टिफायर व्हॉल्व्हही (एसीची डीसी करणारी काचेची नळी) घेऊन जातो. कंडेन्सर थोडक्या पैशांत मिळतो. तो ट्रान्सफॉर्मर मात्र आज कुठल्याच दुकानात तयार मिळत नाही. रेडिओ दुरुस्तीतली खरी कला ही वीज कधी द्यायची आणि किती द्यायची हे ओळखण्यात आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी, संकेश्वर, चिक्कोडी या पट्ट्यातल्या घरांत असे सेट अजून सापडतात: मर्फी, फिलिप्स, बुश, जीईसी, एचएमव्ही, नॅशनल एको. १९५० साली धारवाड केंद्र सुरू झालं, १९५७ ला विविध भारती आली, आणि आपल्याकडचा श्रोता एकाच डायलवर कन्नड आणि मराठी दोन्ही ऐकत मोठा झाला. धारवाडच्या बातम्या झाल्या की काटा सरकवून सांगली, रात्र चढली की मुंबई, पुणे आणि शॉर्ट वेव्हवर सिलोन. तेव्हा रेडिओ ठेवायला पोस्टातून लायसन्स काढावं लागे. १९८० च्या दशकात ते बंद झालं. तुमच्या घरात ते लायसन्सचं पुस्तक अजून असेल तर टाकू नका, सेटसोबत जपून ठेवा.

आधी सेटची जात ओळखा

मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढा आणि व्हॉल्व्हवरची अक्षरं वाचा. काच जोरात पुसू नका, छापील नंबर बोटाबरोबर निघून येतो आणि मग तो व्हॉल्व्ह कुठला हे कळायला मार्ग राहत नाही. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० अशी 'ई'ने सुरू होणारी मालिका असेल, शेजारी लोखंडी पत्र्यांचा मोठा ट्रान्सफॉर्मर असेल, तर तो एसी सेट. यातले फिलामेंट, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारा, ६.३ व्होल्टवर चालतात आणि चॅसी, म्हणजे भाग बसवलेला लोखंडी सांगाडा, विजेपासून वेगळी असते. शिकायला असाच सेट घ्यावा.

यूसीएच ८१, यूएफ ८९, यूबीसी ८१, यूएल ८४, यूवाय ८५ अशी 'यू'ची मालिका दिसली तर तो एसी-डीसी सेट. यात मेन्स ट्रान्सफॉर्मरच नसतो. सगळे फिलामेंट दिवाळीच्या जुन्या माळेसारखे एकापाठोपाठ जोडलेले असतात, एक गेला की सगळे अंधारात. वरच्या पाच व्हॉल्व्हचे व्होल्ट मिळवले तर १९, १२.६, १४, ४५ आणि ३८ मिळून १२८.६ होतात, उरलेले शंभरेक व्होल्ट एक मोठा वायरचा रेझिस्टर उष्णतेत घालवतो. मुद्दा असा की या सेटची चॅसी थेट मेन्सच्या एका वायरला जोडलेली असते. पिन उलटी लागली तर सगळा लोखंडी सांगाडा जिवंत! बटणांच्या आतले छोटे स्क्रूसुद्धा. असा सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय (सेटला मेन्सपासून वेगळा ठेवणारा ट्रान्सफॉर्मर) उघडा चालवू नये, हे मी विनंती म्हणून नाही, अट म्हणून सांगतो. २३० ते २३० व्होल्टचा, १०० व्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर रिवाइंडिंगवाल्याकडून करून घेता येतो. बेळगावात फाउंड्री आणि पंपांच्या कारखान्यांमुळे चांगले रिवाइंडिंगवाले आहेत, त्याचा फायदा घ्या.

डीके ९६, डीएफ ९६, डीएएफ ९६, डीएल ९६ दिसले तर तो बॅटरीवरचा सेट, वीज न पोचलेल्या गावांतला. त्याला फिलामेंटसाठी दीड व्होल्ट आणि एचटीसाठी, म्हणजे व्हॉल्व्हना लागणाऱ्या उच्च डीसी व्होल्टेजसाठी, ९० व्होल्ट लागतात. त्यांचे फिलामेंट इतके नाजूक की चुकून एचटीचा स्पर्श झाला तर क्षणात जातात. पहिल्या प्रयत्नाला हा सेट घेऊ नका.

हत्यारं

डिजिटल मल्टिमीटर, २५ ते ४० वॅटचं सोल्डरिंग आयर्न, सोल्डर ओढायची वेणी किंवा पंप, चिमटा, इन्सुलेटेड स्क्रूड्रायव्हर, कॉन्टॅक्ट क्लीनर. आणि एक सिरीज बोर्ड. लाकडी फळीवर एक होल्डर आणि एक सॉकेट, होल्डरमधला बल्ब सॉकेटच्या फेजमध्ये मालिकेत. बल्ब साधा तारेचा हवा, ४०, ६० आणि १०० वॅटचे हाताशी ठेवा. एलईडी बल्ब इथे काहीच कामाचा नाही. सेट शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटतो आणि सेट वाचतो. एवढं साधं उपकरण आहे, पण महागड्या मीटरपेक्षा जास्त सेट याने वाचवले आहेत.

शिवाय २.२ किलोओहम, ५ वॅटचा एक रेझिस्टर घेऊन त्याला दोन क्लिपा लावा. काम बंद केल्यावर मोठे कंडेन्सर यातूनच रिकामे करायचे, आणि रिकामे झाले का हे मीटरने बघायचं. एचटी २५० व्होल्टच्या आसपास असतं आणि पिन काढल्यावरही काही वेळ तिथेच थांबलेलं असतं. सेट चालू असताना मोजमाप एका हाताने, दुसरा हात खिशात. काळी क्लिप चॅसीला आधी लावून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या हाताची गरजच पडत नाही.

साफसफाई, ओल आणि वाळवी

काहीही काढण्याआधी फोटो घ्या, वरून, खालून, प्रत्येक बाजूने. डायलच्या दोऱ्याचा स्वतंत्र फोटो घ्या आणि कागदावर त्याची वाट काढून ठेवा: कुठल्या पुलीवरून जातो, शाफ्टवर किती वेढे आहेत, स्प्रिंग कुठे आहे. दोरा तुटल्यावर हे आठवत नाही.

धूळ मऊ ब्रशने आणि हवेने काढा. गँगच्या (स्टेशन लावायच्या फिरत्या कंडेन्सरच्या) पात्यांमध्ये काही खुपसू नका, वाकलेलं पातं पूर्वीसारखं सरळ करणं फार अवघड जातं. काही सेटमध्ये रेक्टिफायरच्या वर, कॅबिनेटला आतून राखाडी-पांढरा तक्ता चिकटवलेला असतो. तो ॲस्बेस्टॉस असू शकतो. घासू नका, फाडू नका, होता तसा राहू द्या.

डायलच्या काचेवरची गावांची नावं मागच्या बाजूने रंगाने छापलेली असतात. ओल्या फडक्याचा एक हात फिरला की मुंबई, दिल्ली, कोलंबो सगळी फडक्यावर येतात. पुढची बाजू पुसा, मागची फक्त कोरड्या मऊ ब्रशने झटका.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या घरांतल्या सेटचा मोठा शत्रू पाऊस. तिथली हवा महिनोन्महिने ओली असते आणि ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतला कागद ती शोषून घेतो. असा सेट आला की चॅसी कॅबिनेटमधून काढून मोठ्या खोक्यात ठेवा, खोक्यात एक ६० वॅटचा बल्ब पुठ्ठ्यापासून लांब टांगा, आणि तुम्ही जवळपास असताना दिवसभर मंद ऊब द्या. उन्हात तापवू नका, आयएफटीमधलं (चॅसीवरच्या छोट्या ट्यूनिंग ट्रान्सफॉर्मरमधलं) मेण वितळतं. लाकडाला भुंगा किंवा वाळवी लागली असेल तर त्यावरचं औषध आत्ताच मारा आणि वास पूर्ण गेल्याशिवाय चॅसी परत बसवू नका.

बँड स्विच आणि व्हॉल्यूमच्या पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा बारीक फवारा, मग पंचवीस-तीस वेळा फिरवणं. तेलकट स्प्रे वापरू नका, तो धूळ धरतो.

वीज न देता तपासणी

हा भाग कंटाळवाणा वाटतो, पण निम्मे दोष इथेच सापडतात. मेन्सच्या ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी (वीज आत येते ती गुंडाळी) मोजा, काही दशक ओहम दाखवायला हवी. स्पीकरला जोडलेल्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी साधारण २०० ते ६०० ओहम. ती तुटलेली असेल आणि तुम्ही तसाच सेट चालू केलात, तर आउटपुट व्हॉल्व्हच्या ॲनोडला (आतल्या पत्रीला) व्होल्टेज मिळत नाही, सगळा भार स्क्रीन ग्रिडवर (आतल्या जाळीवर) येतो, ती लाल होते आणि व्हॉल्व्ह जातो. आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलाच असेल तर फेकू नका. रिवाइंडिंगवाल्याला मूळ तार किती गेजची आणि वेढे किती हे जुन्या गुंडाळीवरून मोजायला सांगा आणि पत्र्यांमधली कागदाची फट तशीच ठेवायला बजावून सांगा. त्या फटीशिवाय आवाज बसका येतो.

व्हॉल्व्हचे फिलामेंट तपासा. ईएल ८४ किंवा ईसीएच ८१ सारख्या नऊ पिनांच्या व्हॉल्व्हमध्ये ४ आणि ५ नंबरच्या पिना फिलामेंटच्या. थंड असताना ईएल ८४ एक-दोन ओहमच दाखवतो. काचेच्या टोकाशी चांदीसारखा डाग असतो. तो पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली, त्या व्हॉल्व्हचं काम संपलं. एचटीच्या ओळीपासून चॅसीपर्यंत मोजताना आकडा चढत जाऊन काही दहा किलोओहमच्या वर थांबला पाहिजे. शेकड्यांत अडकला तर कुठेतरी शॉर्ट आहे.

कंडेन्सर: कुठले बदलायचे, कुठले नाही

गल्लीतल्या एका म्हाताऱ्या रेडिओ मेकॅनिककडून ऐकलेलं एक वाक्य माझ्या कानात बसलंय: "घाई कशाला करूलास, आधी तो एक कंडेन्सर बघ." तो एक म्हणजे पहिल्या ऑडिओ व्हॉल्व्हच्या ॲनोडपासून आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडकडे जाणारा, बहुधा ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरॅडचा. तो लीक असेल तर ग्रिडवर धन व्होल्टेज येतं, ईएल ८४ मर्यादेबाहेर करंट ओढतो, आणि व्हॉल्व्ह, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, मेन्स ट्रान्सफॉर्मर तिन्ही तापतात. म्हणून हा न तपासता बदलायचा. जागी ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिन कंडेन्सर.

लीक आहे की नाही याची खात्रीच करायची असेल तर त्याचं ग्रिडकडचं टोक सोडवा, सेट सिरीज बोर्डवर चालू करा, आणि त्या मोकळ्या टोकापासून चॅसीपर्यंत डीसी मोजा. चांगला असेल तर काही क्षणांत आकडा शून्याजवळ येतो. मेणाचा जुना कंडेन्सर बऱ्याचदा दहा-वीस व्होल्ट सरळ दाखवतो. एकदा हे डोळ्यांनी पाहिलं की बाकीच्या मेणाच्या आणि डांबराच्या कंडेन्सरांवर विश्वास ठेवावासा वाटत नाही. तेही सगळे बदला. सिरॅमिक आणि सिल्व्हर मायका मात्र काढू नका. ते टिकाऊ असतात आणि ट्यूनिंग त्यांच्यावर बसलेलं असतं.

मेन्सच्या दोन वायरांमध्ये बसणारा कंडेन्सर एक्स २ वर्गाचाच, आणि मेन्सपासून चॅसीकडे जाणारा वाय २ वर्गाचाच लावा. साधा ६३० व्होल्टचा तिथे चालत नाही, तो शॉर्ट झाला तर आग लागते किंवा माणसाला झटका बसतो.

एचटीचे मोठे इलेक्ट्रोलायटिक, म्हणजे ॲल्युमिनियमचा डबा, ३२ अधिक ३२ किंवा ५० अधिक ५० मायक्रोफॅरॅड. जुने पुन्हा तयार करता येतात, पण माझा सल्ला नवीन ४५० व्होल्टचे लावण्याचा आहे. डबा शोभेसाठी वर राहू द्या, त्याच्या तारा सोडवा, नवीन कंडेन्सर चॅसीखाली बसवा. "मोठा लावला की गुरगुर कमी होईल" म्हणून १०० किंवा २२० लावू नका. रेक्टिफायर व्हॉल्व्हनंतरचा पहिला कंडेन्सर मूळ किमतीच्या आसपासच हवा. ईझेड ८० ला ५० च्या पुढे नेऊ नये. ध्रुव नीट बघा, उलटा लागला तर फुटतो.

रेझिस्टर एक टोक सोडवून मोजा. कार्बनचे जुने रेझिस्टर वयाबरोबर वर चढतात. २० टक्क्यांहून जास्त चढलेला बदला. कंडेन्सर एका वेळी एकच काढा आणि एकच लावा. सगळे एकदम काढले की कोणती तार कुठली हे कळेनासं होतं.

भाग बेळगावात न मिळाले तर बेंगळूरचा एसपी रोड आणि मुंबईचा लॅमिंग्टन रोड आहेच. व्हॉल्व्ह शोधताना बेंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले बीईएल छापाचे दिसले तर बिनधास्त घ्या, चांगल्या प्रतीचे असतात.

पहिल्यांदा वीज देताना

नवीन मेन्स कॉर्ड लावा. एसी सेटला तीन वायरची, हिरवी वायर चॅसीला. प्रायमरीत फ्यूज घाला. एसी-डीसी सेटला दोनच वायरी, न्यूट्रल चॅसीकडे, आणि उलटी न लागणारी पिन. त्यातही स्विच कुठल्या वायरमध्ये आहे ते बघा. तो चॅसीच्या बाजूला असेल तर सेट बंद केल्यावर फिलामेंटमधून फेज चॅसीवर येतो.

ट्रान्सफॉर्मरवर २००, २२०, २४० असे टप्पे असतील तर सगळ्यात वरचा घ्या. आपल्या खेड्यांत शेतातले पंप बंद झाले की रात्री व्होल्टेज चढतं, आणि जुन्या गुंडाळीला ते सोसत नाही.

एसी सेटचा रेक्टिफायर काढून ठेवा, ६० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये लावा आणि चालू करा. बल्ब अंधुक राहिला, व्हॉल्व्हच्या आत केशरी ठिपका दिसला, म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठीक. अर्धा तास तसाच ठेवून हात लावून बघा, फार तापता कामा नये. मग रेक्टिफायर बसवा. स्पीकर जोडलेलाच हवा. बल्ब आता थोडा पेटेल आणि एचटी हळूहळू चढेल. धूर, करपल्याचा वास, व्हॉल्व्हची लाल पत्री, यांतलं काहीही दिसलं की लगेच बंद.

सगळं शांत असेल तर बल्ब काढा आणि व्होल्टेज मोजा. ईएल ८४ च्या ॲनोडला २२० ते २६० व्होल्ट, ग्रिडला शून्य, कॅथोडला सात व्होल्टच्या आसपास. कॅथोडच्या व्होल्टेजला त्याच्या रेझिस्टरने भागा: ७.२ व्होल्ट आणि १५० ओहम असतील तर ४८ मिलिअँपिअर. हा एक आकडा जुळला की सेटची तब्येत बहुतेक कळली.

आवाज नसेल तर

मागून पुढे या. व्हॉल्यूमच्या मधल्या टोकाला स्क्रूड्रायव्हरचं पातं टेकवा. स्पीकर घूं करत असेल तर ऑडिओ शाबूत. एसी सेटला मागे ग्रामोफोनचं सॉकेट असेल तर तिथे मोबाइलचं गाणं देऊन बघता येतं. एसी-डीसी सेटला मोबाइल कधीच जोडू नका.

ऑडिओ चालतोय पण स्टेशन लागत नाही, तर ऑसिलेटर (सेटच्या आत स्वतःची लहर तयार करणारा भाग) तपासायची एक सुंदर युक्ती आहे. शेजारी ट्रान्झिस्टर रेडिओ ठेवा. व्हॉल्व्हच्या सेटचा काटा ७०० किलोहर्ट्झवर, ट्रान्झिस्टर ११५५ च्या आसपास. आता व्हॉल्व्हच्या सेटचा काटा हळूच हलवा. ट्रान्झिस्टरमध्ये शिट्टी सरकून गेली किंवा खरखर एकदम गप्प झाली, म्हणजे ईसीएच ८१ मधला ऑसिलेटर जिवंत आहे; ७०० मध्ये ४५५ ची आयएफ (सेटची ठरलेली मधली फ्रिक्वेन्सी) मिळवली की ११५५. काहीच ऐकू येत नसेल तर बँड स्विचचे संपर्क आणि ईसीएच ८१ आधी बघा.

आयएफटीच्या कोअरना हात लावू नका. फॅक्टरीत बसवून मेणाने बंद केलेल्या असतात, आणि सिग्नल जनरेटरशिवाय फिरवल्या तर सेट आणखी बहिरा होतो. काटा चुकीच्या जागी स्टेशन दाखवत असेल तर आधी दोरा सरकलाय का ते तपासा. नवीन दोरा विणलेला घ्या, मासेमारीची एकेरी गुळगुळीत तंगूस शाफ्टवर घसरते.

एरियल, अर्थ आणि स्टेशनं

सात-आठ मीटर तार कौलाखालून किंवा परसातल्या झाडापर्यंत न्या, एसी सेट असेल तर अर्थ जोडा. वळवाचा पाऊस सुरू झाला की एरियल सेटमधून काढून घराबाहेर ठेवायची. घरातले एलईडी दिवे, मोबाइल चार्जर आणि इन्व्हर्टर बंद करून ऐका. खरखर बहुतेक त्यांचीच असते.

धारवाड ७६५, पुणे ७९२, सांगली १२५१, पणजी १२८७ किलोहर्ट्झ या मीडियम वेव्हच्या परिचित जागा. आकाशवाणीने गेल्या काही वर्षांत अनेक मीडियम वेव्ह ट्रान्समीटर बंद केले आहेत, तेव्हा एखादं स्टेशन लागलं नाही म्हणून सेट उकलू नका. आधी ते ट्रान्झिस्टरवर लागतं का बघा. सूर्य मावळल्यावर दूरची स्टेशनं आपोआप वर येतात. सेटची परीक्षा रात्रीच घ्यावी.

कॅबिनेट

लाकूड जमेल तेवढं मूळ ठेवा. सॅंडपेपरने खरवडून नवीन वॉर्निश मारलेला सेट लांबूनच नवा दिसतो, आणि त्याचं वय निघून जातं. कोमट साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने मळ काढा, वाळू द्या, निघालेलं व्हिनिअर फेव्हिकॉलने दाबून बसवा, आणि चपड्याच्या स्पिरिट पॉलिशचे पातळ हात द्या. पॉलिश पावसाळ्यात करू नका, ओल्या हवेत ते पांढुरकं पडतं. बेकेलाइटच्या सेटला धातू चकाकवायचं पॉलिश मऊ फडक्याने चालतं.

स्पीकरचं कापड फाटलं असेल तर शहापूर-वडगावच्या विणकरांकडे चौकशी करा. विरळ विणीचं, रंगाने जुन्याशी जुळणारं कापड हवं. घट्ट विणीच्या कापडाने आवाज गुदमरतो. कापड उजेडासमोर धरा, पलीकडचं अंधुक दिसलं पाहिजे. ताणून चिकटवताना विणीच्या रेषा सरळ ठेवा, वाकड्या रेषा समोरून लगेच डोळ्यात येतात.

शेवटी चॅसी बसवून स्क्रू आवळताना एसी-डीसी सेटच्या बटणांचे स्क्रू आणि तळाचे बोल्ट मेणाने झाका, मागचं झाकण न चुकता लावा. पहिले काही दिवस सेट एकटा चालू ठेवून खोलीबाहेर जाऊ नका, आणि आठवड्याने एकदा कॅथोडचं व्होल्टेज पुन्हा मोजून आकडा झाकणाच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने तारखेसह लिहून ठेवा; पुढे कुणी हा सेट उघडेल त्याला तो उपयोगी पडतो.